अकरावा शॉट : पीठ

कुलदीपच्या यादीत अठरा शॉट होते आणि त्यातल्या चौदांत पांढरा ड्रेस होता.

"पांढराच ड्रेस काऊन?" अपेक्षानं विचारलं.

"दुःख हाय ना वं."

"माय मेली त्या दिवशी मी हिरव्या गाऊनवर होते. मेथीच्या वाफ्यातल्या मातीनं भरलेला."

"ते खरं झालं. हा व्हिडिओ हाय."

गाणं अपेक्षाचं. तिनंच लिहिलेलं, तिनंच गायलेलं, तिची माय सोजराबाई गेली त्यावर. पण कॉलेजच्या स्नेहसंमेलनात त्याचा व्हिडिओ दाखवायचं ठरलं आणि दुःख झालं कॅमेऱ्याच्या मालकाचं. कॅमेरा कुलदीपचा. तो धरणार शिवम. आणि व्हिडिओतली अपेक्षा होणार पूनम, कारण खरी अपेक्षा कॅमेऱ्यात आडवी दिसते म्हणे. हे शिवमनं तिच्याच ओट्यावर बसून, तिच्याच घरचा चहा पिऊन सांगितलं.

साखरखेर्ड्याच्या शिवेवरचं घर, मागं लगेच वावर. सकाळपासून चौघं ओट्यावर यादी घेऊन बसलेली.

"पहिला शॉट, लोणारचं सरोवर," कुलदीप वाचत होता. "पूनम काठानं पळते. वरून ड्रोन."

"फॉरेस्टवाले धरतीन. आन पळते कुठं?"

"दुःखाकडं."

"माय लोणारले कधी गेलीच नाही. बाजाराच्या पुढं तिले नेलं कोनी?"

"चौथा. मलकापूर स्टेशन. गाडी सुटते, पूनम हात करते."

"मेलेलं मानूस रेल्वेनं जाते का बे?"

पूनम फस्सकन हसली. कुलदीपनं तिच्याकडं असं पाहिलं, की ती ओढणी सारखी करत बसली. अपेक्षानं त्याच्या हातचा पेन घेतला आणि सात शॉट खोडले. जळणारं पत्र खोडलं. मायला सही यायची नाही, पत्र कोणाला लिहिणार? झुलती खुर्ची खोडली. अख्ख्या गल्लीत झुलती खुर्ची नव्हती.

"सगळंच खोडते तं तूच कर ना मंग," कुलदीप तडकला. "खरं पायजे, खरं पायजे! हे घे खरं. अकरावा. पीठ."

अपेक्षाचा पेन थांबला.

पिठाचं तिकडं सगळ्यांना माहीत. जीव जिथं गेला तिथं रात्री पीठ पसरायचं, दिवा ठेवायचा, वरून टोपलं झाकायचं. सकाळी पिठात जे उमटेल त्या जन्माला माणूस गेलं. मुंगी, बैल, लेकराचं पाऊल, जे असेल ते.

"टोपलं उचललं, की पाखराचे पाय," कुलदीप म्हणाला. "तुह्या घरी तेच उमटलतं ना? सारं गाव सांगते."

"हा शॉट नाही."

"काऊन?"

"नाही म्हंजे नाही."

"घ्या! एक शॉट हिच्या घरचा निंघाला, तं तोबी नाही."

काऊन ते अपेक्षा सांगूच शकत नव्हती. मागच्या भादव्यात त्या सकाळी सगळ्यांच्या आधी उठून तिनं टोपलं उचललं होतं. पीठ कोरं होतं. आणि अंबूआत्या रात्रीच बोलून बसली होती, की काहीच नाही उमटलं तर जीव भटकत राहतो. बाबा, अर्जुनराव, तीन दिवस अन्नाला शिवले नव्हते. अपेक्षानं तीन बोटं पिठात टेकवली. दोनदा. टोपलं होतं तसं ठेवलं. आत्यानं उघडून "पाखरू झाली वं माही वयनी!" म्हणून हंबरडा फोडला, आणि त्या दिवशी बाबांनी अर्धी भाकर खाल्ली.

भाकर खाल्ली, पण गोफण टाकली ती टाकलीच. दोन हंगाम झाले, ज्वारीवरून एक पाखरू हाकललं नाही. अर्जुनरावची ज्वारी पाखराले आंदण, असं गाव म्हणायचं. अपेक्षा ऐकून घ्यायची. बोटं तिची होती, बोलणार काय?

तेवढ्यात अर्जुनराव बैलासाठी गवताचा भारा घेऊन आले. कुलदीप उठलाच.

"काका, ते पीठ कसं पसरतेत? शॉट घ्या लागते."

"कुलदीप, चूप बस," अपेक्षा म्हणाली.

बाबांनी भारा टाकला, डोक्याचं फडकं सोडलं. आत गेले आणि परातीत पीठ घेऊन आले. ओट्यावर बसून तळहातानं ते सारखं केलं.

"असं. दाबाचं नाही."

"आन पाय कसे काढाचे?" असं म्हणत शिवमनं तीन बोटं टेकवली सुद्धा. पिठात पाखराचा पाय उमटला. जसाच्या तसा, त्या सकाळचा. एवढं सोपं होतं ते.

अपेक्षाला वाटलं परात उचलावी आणि शिवमच्या डोक्यात घालावी.

अर्जुनराव वाकून पाहत राहिले. "हे चुकलं बाप्पा," ते म्हणाले. "पाखराले मांगं एक बोट ऱ्हायते. त्याच्याबिगर फांदी कशी धरन ते? तुमी शयरातले नाही, वावरातले पोट्टे. येवढं दिसत नाही?" आणि मग हळूच, "आमच्या घरच्या पायालेबी मांगचं बोट नव्हतं."

अपेक्षा बाबांकडं वळली.

"तुमाले माईत होतं?"

"मले आंधळा समजते काय?"

"कवापासून?"

"टोपलं उचललं तवापासून. तुह्या नखात पीठ होतं."

"मंग पाखरं काऊन नाही हाकलली?" ती ओरडलीच. "दोन हंगाम! सारं गाव हसते आपल्याले!"

"तूच उमटवलं ना, माय पाखरू झाली म्हनून. आता पाखराले गोटा मारून तुले खोटं पाडू काय?"

"मी तुमच्यासाठी केलं होतं ते!"

"मंग मी कोनासाठी केलं?"

कुलदीपला चैन कुठली.

"काका," तो म्हणाला, "एवढंच पुन्हा एकदा बोलता का? कॅमेरा चालू नव्हता."

अपेक्षानं त्याच्या हातातली यादी ओढून घेतली, चार तुकडे केले आणि पिठात टाकले. "व्हिडिओ गेला खड्ड्यात. गानं माहं हाय. स्टेजवर एकटी गाईन मी, ट्यूबलाइटीत गाईन. आडवी दिसन तं दिसन."

ती चपला न घालता मागच्या वावरात गेली. ज्वारी दाण्यात आलेली, प्रत्येक धाट्यावर चिमण्या. ती बांधावर उभी राहिली आणि "हाऽऽ" म्हणाली. आवाज घशातच राहिला. एक पाखरू उडालं नाही. दुसऱ्यांदा तिचं तोंड वाकडं झालं, डोळे भरले, आवाज अर्ध्यात तुटला. दोन चिमण्या उडाल्या आणि पुढच्याच धाट्यावर बसल्या.

मागून अर्जुनराव येऊन तिच्या शेजारी उभे राहिले.

"पोटातून काढ," ते म्हणाले. "अशानं उठत नसतेत पाखरं."