पनवती ठरलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, घडी घालता येणारी लोखंडी खुर्ची आहे. मी उघडली गेले की आमचा बेसबॉलचा संघ हरतो, असा या घरातला समज होता. मी पनवती आहे म्हणे. आता आरोप ऐकलाच आहे, तर माझी बाजूही ऐका.

माझा जन्म ओहायोतल्या एका कारखान्यात झाला. पुढची बरीच वर्षं टेक्सासमधल्या एका शाळेच्या सभागृहात गेली. शाळेने नवं फर्निचर घेतलं आणि जुनं आवारात मांडून विकलं. तिथून मला ह्यूस्टनजवळच्या शुगर लँड गावी आणलं मीनाक्षीकाकूंनी. माझ्या एका पायाचं रबर हरवलेलं होतं. काकूंनी टेनिसच्या चेंडूला चीर पाडून तो त्या पायात बसवला. तेव्हापासून मी कधी डगमगले नाही.

काकू तेव्हा नव्याने या देशात आल्या होत्या. नोकरीची परवानगी नव्हती, गाडी येत नव्हती, आणि अनिलकाका दिवसभर ऑफिसात. दुपारी त्या टीव्ही लावत आणि माझ्यावर बसून बेसबॉल बघत. पहिल्या वर्षी त्यांना काहीच कळत नसे. दुसऱ्या वर्षी त्या पिचरला सल्ले देऊ लागल्या, तेही मराठीत. "अरे, त्याला आत टाक, आत," असं त्या पुटपुटत, आणि बऱ्याचदा त्यांचंच बरोबर निघे. अख्ख्या घरात या खेळाचं खरं प्रेम फक्त काकूंना होतं, आणि ते मला ठाऊक होतं. अनिलकाकांना हे वेड लागलं गेल्या पाचेक वर्षांत. पण येताना ते क्रिकेटचे सगळे नियम सोबत घेऊन आले. जोडी जमली की कोणी जागेवरून हलायचं नाही, हा त्यातला सगळ्यात कडक नियम.

या वर्षी आमचा संघ प्लेऑफमध्ये गेला. सात सामन्यांची मालिका, जो आधी चार जिंकेल तो पुढे. पहिल्या सामन्यात आम्ही चार धावांनी मागे होतो. कुकरच्या शिट्ट्या झाल्या म्हणून काकू माझ्यावरून उठल्या, गॅस बंद करून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या, आणि त्याच क्षणी आमच्या खेळाडूने चेंडू थेट प्रेक्षकांत मारला.

"मीनाक्षी, तिथेच थांब. हलू नकोस," काका म्हणाले.

जेवायला आलेला प्रसाद ह्यूस्टनला शिकतो. तो मूळचा नागपूरचा. त्याने लगेच मान डोलावली. "काकू, खरंच थांबा. आमच्याकडे तर मॅच फिनिश होईपर्यंत बाबा आम्हाला बाथरूमलाही जाऊ देत नसत."

तो सामना आम्ही जिंकलो. झालं. मला मिटून त्याच दाराशी, भिंतीला टेकवून ठेवलं, आणि काकूंची जागा ठरली.

मित्रांनो, काकूंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन दोनच महिन्यांपूर्वी झालेलं. फार वेळ उभं राहू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण सामन्यामागून सामना त्या उभ्या राहिल्या. मला टीव्ही दिसत नसे, फक्त त्यांचे पाय दिसत. बोटं आवळली गेली की समजायचं, कोणीतरी तिसऱ्या बेसवर, धावेच्या अगदी तोंडाशी आहे. दुसरा सामना हरलो, तेव्हा काका म्हणाले, तू पाणी प्यायला गेलीस ना मध्येच. तिसरा जिंकलो. चौथा आणि पाचवा गेला, त्याचं खापर माझ्यावर फुटलं, कारण मी दारात दिसत होते म्हणे. मला दाराआड सरकवलं, आणि सहावा जिंकलो. तीन-तीन.

सातवा सामना शनिवारी संध्याकाळी होता. मुलगी रीमा ऑस्टिनहून आली. आईला दारात बघून ती थबकली.

"डॅड, शी जस्ट हॅड सर्जरी. व्हाय इज शी स्टँडिंग?"

"तीन मॅच जिंकल्यात बाळा अशाच," काका म्हणाले. त्यांची नजर टीव्हीवरून हलली नाही.

शेवटची, नववी इनिंग आली. आम्ही एका धावेने मागे. तीनपैकी दोन गडी बाद, एक धावणारा तिसऱ्या बेसवर. सगळ्यांचे डोळे टीव्हीवर. मला मात्र काकूंचा उजवा पाय थरथरताना दिसत होता. त्यांनी चौकट घट्ट धरली होती. मग त्यांनी चौकट सोडली, मला उचललं, आणि लंगडत थेट टीव्हीसमोर आल्या.

मी उघडले. माझी बिजागरी केवढ्याने करकरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मीनाक्षी, आत्ता नको. प्लीज. एकच आउट राहिलाय."

"वीस वर्षं बघतेय मी हा गेम, अनिल. आजचा शेवट मी चौकटीला लटकून नाही बघणार."

आणि त्या बसल्या. मला भीती वाटत होती. आज हरलो, तर माझी रवानगी कचऱ्यात होणार हे ठरलेलंच होतं, आणि काकूंना जन्मभर ऐकून घ्यावं लागणार होतं. तीन बॉल, दोन स्ट्राइक; आणखी एक स्ट्राइक पडला की खेळ खलास. प्रसादने डोळे मिटून घेतले. पिचरने चेंडू टाकला. आमच्या खेळाडूने तो असा उंच मारला की काका सोफ्यावरून अर्धे उठलेच. चेंडू मागच्या भिंतीपर्यंत गेला. तिथे समोरच्या संघाच्या खेळाडूने पाठ भिंतीला लावून तो झेलला.

आम्ही हरलो.

काकांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. ते काही बोलणार, इतक्यात काकूच शांतपणे म्हणाल्या, "सहा मॅच मी उभी राहिले. त्यातल्या तीन गेल्याच की. ही एक बसून गेली. निदान शेवटचा बॉल तरी मी नीट बघितला. काय मारला होता पोराने."

काकांनी टीव्ही बंद केला. मग त्यांचं लक्ष काकूंच्या सुजलेल्या गुडघ्याकडे गेलं. मला वाटतं, सात सामन्यांत पहिल्यांदाच. ते उठले, फ्रीजमधून बर्फाची पिशवी घेऊन आले आणि माझ्या पायाशी, जमिनीवर बसून त्यांनी ती गुडघ्यावर धरली.

दुसऱ्या दिवशी काकांनी माझ्या बिजागरीला तेल घातलं आणि पायातला झिजलेला चेंडू बदलला. आता मी टीव्हीसमोरच असते, उघडलेली.

मित्रांनो, आम्हा खुर्च्यांना तेल घाला, आम्हाला पावसात टाकू नका, हे तर मी सांगेनच. पण आम्ही कोणाला जिंकवत नाही की हरवत नाही. आम्हाला फक्त थकलेल्या माणसाला टेकू देता येतो. म्हणून पुढच्या वेळी सामना रंगात आला, की एकदा मान वळवून बघा, तुमच्या घरात दाराशी कोण उभं आहे.