दोन दारांची बेरीज

संध्याला आपल्या कामाचा अभिमान होता, आणि तो लपवायची तिला काही गरज वाटत नव्हती. तळोद्याच्या घरी बसून तिने एका संस्थेच्या लाँचसाठी, म्हणजे नदीतल्या प्रवासी मोटारबोटीसाठी, माणसं मोजणारा प्रोग्रॅम लिहिला होता. लाँचला दोन दारं, प्रत्येक दाराला एक सेन्सर. माणूस आत आला की आकडा एकाने वाढायचा, बाहेर गेला की एकाने कमी व्हायचा, आणि दोन्ही दारांची मिळून एकच बेरीज चालक दलसिंगच्या समोरच्या मोबाईलवर दिसायची. चाळीसच्या वर एकही माणूस घ्यायचा नाही, हा नियम. आज यंत्राची पहिली फेरी, आणि ती नेमकी लग्नाच्या वऱ्हाडाची निघाली.

वऱ्हाड मणिबेलीला चाललं होतं. काठावर वऱ्हाडातला ढोलवाला आमशा ढोल बडवत होता. इथल्या डोंगरातल्या पाड्यांची रीतच अशी की बाया पुढच्या दाराने चढणार, पुरुष मागच्या, आणि दोन्हीकडचा पाय ढोलाच्या ठोक्याला एकदमच आत पडणार. जी बाजू आधी चढेल तिची पुढच्या होळीपर्यंत थट्टा. त्यामुळे कुणी पुढे घुसत नव्हतं की मागे रेंगाळत नव्हतं. ठोका पडला की दोन पाय आत. संध्या आधीच चढून इंजिनाजवळ उभी होती. इतकी शिस्त तिने तळोद्याच्या जीपमध्ये जन्मात पाहिली नव्हती, म्हणून तिने कौतुकाने व्हिडिओसुद्धा काढला.

“कितला झायात, दादा?” तिने विचारलं.

दलसिंग डोंगरातला, पण बाजाराच्या ये-जा करण्यात अहिराणी शिकलेला. “एकोणचाळीस,” तो म्हणाला. “मशीन हुशार शे तुन्हं, ताई. आते माले मोजानी गरज नही.” आणि त्याने लाँच सोडली.

काठ बराच मागे पडल्यावर संध्याने कठड्यावर कोपर टेकलं आणि ते ओलं झालं. तिने वाकून पाहिलं. सकाळी हात लांबवूनही न लागणारं पाणी आता वीतभर खाली होतं. मोबाईलवर एकोणचाळीसच होते. मग तिने माणसांकडे पाहिलं. नुसत्या बायांच्याच बाजूला तीसच्या आसपास डोकी होती, आणि पुरुष त्याहून कमी नव्हते.

पायाखालची जमीन सरकली म्हणावं, तर पायाखाली जमीन नव्हतीच.

आता लाँचमध्ये बसलेल्या आमशाने पुन्हा ढोलावर ठोका दिला, आणि तिला एकदम उमगलं. पुढच्या दाराचं काम प्रोग्रॅममध्ये एक धागा, म्हणजे स्वतंत्र चालणारा तुकडा, करायचा, मागच्या दाराचं त्याच वेळी दुसरा. दोघे एकाच बेरजेत हात घालणारे. पुढचा वाचणार वीस, त्याच क्षणी मागचाही वाचणार वीस. दोघे आपापला एक मिळवणार आणि दोघेही लिहिणार एकवीस. माणसं आली दोन, बेरीज वाढली एकाने. म्हणूनच एकाचं लिहून होईपर्यंत दुसऱ्याला अडवणारं कुलूप घालायचं असतं. हे तिला कॉलेजपासून तोंडपाठ होतं. तिने ते घातलं नव्हतं, कारण घरी दोन्ही सेन्सरसमोर हात फिरवून फिरवून पाहिलं तेव्हा एकदाही चूक झाली नव्हती. घरी ढोल नव्हता.

“दादा, बोट मांगे फिराव,” ती म्हणाली.

“काबर? मोबाईल तं एकोणचाळीस दखाडी ऱ्हायना.”

“तो खोटा शे. मन्हाच प्रोग्रॅम शे, मी सांगस ना.”

दलसिंगने मान वळवून मागे पाहिलं. त्याने आपल्या भाषेत दोनच शब्द उच्चारले. ढोल थांबला. नाचायला उठलेली पोरं जागच्या जागी खाली बसली. लाँच अगदी हळू वळली. एका बाजूने पाणी आत आलं, बायांच्या लुगड्यांखालून वाहत इंजिनापर्यंत पोचलं. कुणी हललं नाही. शेवटी काठाचे दगड तळाला घासले.

मागचं दार बंद करून सगळ्यांना पुढच्या दाराने एकेक करून उतरवलं. आता सेन्सर चोख मोजत होता. आकडा उतरत उतरत शून्यावर आला, आणि आत अजून माणसं होती. उणे एक झाला तो काठी टेकत उतरलेला एक म्हातारा. उणे दोन झाली ती पोटुशी पोर. हिरवा फेटा बांधलेला नवरदेव गेला तेव्हा आकडा उणे अकरा होता. संध्या एकेकाचं तोंड बघत राहिली. बोट बुडाली असती तर शोधणाऱ्यांनी एकोणचाळीस जण काढून काम संपवलं असतं. ही माणसं कुणी शोधलीच नसती.

नवरदेवाची आत्या कालीबाई सगळ्यांच्या शेवटी उतरली. उणे एकोणीस. तिने मोबाईलकडे बोट दाखवून हसत काहीतरी विचारलं.

“आपला नंबर कोणता, असं विचारी ऱ्हायनी,” दलसिंग म्हणाला.

“तिले सांग, ती मोजामा उनीच नही,” संध्या म्हणाली.

तिची मोजणी झालीच नव्हती, हे दलसिंगने तिच्या भाषेत सांगितलं. कालीबाईचं हसू गेलं. आपल्या भिजलेल्या लुगड्याकडे तिने पाहिलं, मग संध्याकडे, आणि हळूच काही बोलली.

“ती विचारी ऱ्हायनी,” दलसिंग म्हणाला, “मंग ती बोटमा व्हती का नही?”