‘येते’ म्हणून आई जाते, तेव्हा ‘बाय’

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे, ‘बाय’. रोज तुमच्या तोंडी असतो, पण माझं पूर्ण नाव तुम्ही कधी विचारलं नाहीत.

माझा जन्म इंग्लंडातला. तेव्हा मी चांगला लांबलचक आशीर्वाद होतो. ‘गॉड बी विथ यी’, म्हणजे देव तुझ्याबरोबर असो. निघायच्या घाईत लोक मला भराभर उच्चारत, त्यात मी झिजलो. ‘गुड मॉर्निंग’च्या संगतीने ‘गॉड’चं ‘गुड’ झालं. पुढे तेही गळलं आणि शेपूट तेवढं उरलं.

हैदराबादेत मला कामाला तोटा नाही. फक्त बरकतपुऱ्यातल्या सुशीलाबाई मला घरात घेत नसत. सुनेला, मृण्मयीला, त्या म्हणायच्या, “काय ते कोरडं बाय! निघताना ‘येते’ म्हणावं. ‘जाते’ तर चुकूनही नको.”

यंदा मृण्मयीच्या छोट्या रेणूची बालवाडी सुरू झाली. गेटपाशी मृण्मयी म्हणाली, “रेणू, येते हं मी.”

झालं! रेणूने गेटचा गज धरला, तो सोडेचना.

“रा अम्मा, लोपलिकी रा, आत ये,” टीचर बोलावू लागल्या.

“ठैरो ना टीचर! आई येते बोली.”

रिक्षाआडून मृण्मयी बघत होती. पाय निघेना. आया म्हणाली, “चुपके निकल जाओ अम्मा. दो मिनट रोती, बस.”

तशी ती गेली असती, तर रेणूने पुन्हा आईच्या शब्दावर भरवसा कसा ठेवला असता? मृण्मयी मागे फिरली, लेकीसमोर उकिडवी बसली. ‘जाते’ काही जिभेवर येईना. मग कॉलेजात शिकलेला माझा अर्थ तिला आठवला.

“बाय, रेणू. बाय म्हणजे देव तुझ्याबरोबर. मी आता घरी, आणि शाळा सुटली की न्यायला येते.”

“देव डब्बा खाता?”

“तू दिलास तर.”

“देवकू भेंडी चलती?”

“चालते की!”

रेणूने गज सोडला. “बाय आई!” असं ओरडत ती आत पळाली. मृण्मयीचे डोळे भरले, पण रेणूला ते दिसलंच नाही. ती टीचरकडे देवासाठी खुर्ची मागत होती. मी भरून पावलो.

मित्रांनो, मला पाठमोरं होऊन फेकू नका. लहान असो की म्हातारं, डोळ्यांत बघून निरोप घ्या. गुपचूप निघून गेलेल्या माणसाची वाट पाहायची की नाही, हे मागे राहिलेल्याला कळत नाही.