सहज आलेला माणूस

तेजरामचं एकच वाईट होतं: तो फार सभ्य होता. तुमसरकडचा सुतार, हाताला कसब असं की बघत राहावं. पण कुणाकडे काही मागायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची.

एकसष्ट साली भिलाईत एका ठेकेदाराकडे तो सेंट्रिंगच्या फळ्या ठोकत होता. सेक्टर दहामधलं ठेकेदाराचं काम पौषात संपणार होतं, आणि तेव्हाच शेवटची हजेरी लागणार हे सगळ्यांना सांगून झालं होतं. पुढे बायको मैनाबाई आणि लेकीला घेऊन गावी जायचं, दोन भावांना न पुरणारी सुतारकी तिघांत वाटून घ्यायची. तेजरामला जायचं नव्हतं.

न जाण्याची युक्तीही त्याच्याजवळ होती. पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांच्या, छतावर काम करणाऱ्यांच्या जोड्यांचे तळ तापून करपत. तेजरामनं बाभळीचा जाड तळ आणि वर टायरचा पट्टा अशी चप्पल केली. कुरुदच्या वस्तीत त्याच्या शेजारी राहणाऱ्या चिंधूनं ती घालून एक पाळी केली, तर दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबरचे चौघे दारात हजर. पण वासल्यानं तासून आठवड्याला दोन जोड होत. यंत्राची करवत आणि एक शेड मिळाली तर दिवसाला वीस होतील, असा त्याचा हिशेब होता. त्याला भांडवल लावणारा माणूस पाहिजे होता.

तसा माणूस दुर्गला होता. बालचंद शेठ, लाकडाचा व्यापारी. जन्म गोंदियाचा, त्यामुळे मराठी घरच्यासारखी. तो व्याजानं पैसे देत नसे. दुसऱ्याच्या धंद्यात घाली आणि नफ्यात वाटा घेई. धंदा बुडाला तर त्याचाही पैसा बुडे, म्हणून माणूस पारखून घेण्याकडे त्याचं फार लक्ष. भेटी फक्त गुरुवारी. बाहेर बाक, बाकावर दहा-बारा जण, आणि दारात मुनीम.

तेजराम दोन गुरुवार रोजी बुडवून, तासभर सायकल मारून त्या बाकावर बसून आला. "कोणाच्या ओळखीनं आलात?" मुनीम विचारी, आणि तेजरामकडे सांगायला नाव नसे. तिसऱ्या गुरुवारी मैनाबाईचे मामा, रामाजी, बरोबर आले. शेठच्या वखारीत लाकूड मोजण्यात त्यांची पंधरा वर्षं गेली होती. मुनीम मुकाट्यानं बाजूला झाला.

आत जाण्याआधी मामांनी कानमंत्र दिला. "पहिल्या भेटीत कामाचं काढाचं नाई बरं. मानूस हलका पडते. सोयरीक पाहाले गेल्यावर आपन पोरीचं नाव काढतो का? पानीपाऊस बोलाचं, चहा प्याचा, उठाचं."

तेजरामला हे इतकं पटलं की विचारू नका. त्याच्या भित्रेपणाला मामांनी रीतीचं धोतर नेसवलं होतं. आत गेल्यावर धानाची चौकशी झाली, चहा झाला. शेवटी शेठनं विचारलं, "काही काम होतं का?"

"नाई, नाई," तेजराम हात जोडून म्हणाला. "सहज आलो होतो."

चपलेचा जोड पिशवीत होता. पिशवी बाकाखाली होती. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

पुढच्या गुरुवारी मुनीम हसून म्हणाला, "सहज येणाऱ्यांना सणासुदीला भेटतात शेठजी. आज कामाची माणसं आहेत." तेजरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मैनाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. "सोयरीक कराले गेले होते का धंदा कराले? रडल्याबिगर माय दूध पाजत नाई, अन् तुमी शेठले पानीपाऊस सांगून राहिले! चला गिरजाबाईकडं."

गिरजाबाई जुनवानीच्या रस्त्याला खानावळ चालवी. एकटी बाई, तीसेक जण जेवणारे, आणि मागे भांडवल बालचंद शेठचं. पहिल्याच वर्षी तिनं त्याचा वाटा न मागता नेऊन दिला होता. दुर्गच्या बाकावर बसणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक नव्हती. मैनाबाईला होती, कारण ती तिथं पोळ्या लाटायला जाई.

गिरजाबाईनं चप्पल उलटीपालटी करून पाहिली. "शेठचं दार बाकावर बसून उघडत नाई, बापा. ज्यानं त्याच्या पैशाचं सोनं केलं, त्याच्या शब्दानं उघडते. पन मी न वापरलेल्या वस्तूसाठी शब्द टाकत नाई. माह्याकडं कोक ओव्हनचे सहा जन जेवतात. त्याईले जोड दे. पंधरा दिवस पाहू."

तेजरामनं रोजी सांभाळून सहा जोड तासले. बोटांना फोड आले. पंधरा दिवसांनी गिरजाबाईनं जोड परत मागितले, तर सहाही जणांनी पैसे पुढे केले, चपला दिल्या नाहीत. "आता येतो मी तुह्यासंगं शेठकडं," ती म्हणाली.

तोवर पौष सरत आला होता. गुरुवारी मुनिमानं गिरजाबाईला पाहिलं आणि दार उघडून धरलं. तिनं तेजरामला पुढे घातलं, चार वाक्यांत सगळं सांगितलं आणि पुढचं त्याच्यावर सोडलं. शेठनं चप्पल हातात घेतली, नखानं तळ खरवडला. बाभूळच का, पट्टा किती टिकतो, घेणारे किती, असे एकामागून एक प्रश्न विचारले. लाकडाचं बोलणं निघालं आणि तेजरामची जीभ सुटली. चिंधूच्या पहिल्या जोडाला तडा गेला होता, हेही त्यानं लपवलं नाही.

"चांगलं आहे," शेठ चप्पल खाली ठेवत म्हणाला. "विचार करतो. पुढच्या गुरुवारी या."

हे ऐकलं की उठायचं असतं. आजवर त्या खोलीतून सगळे असेच उठले होते. गिरजाबाईनंही पदर सावरला. तेजराम अर्धा उठला. तो परत बसला.

"नाई शेठजी. परवा माही शेवटची हजेरी हाय. पुढच्या गुरुवारी मी गावी असन, अन् एकदा गेलो तं वापस येनं होनार नाई. मले करवत पाह्यजे, शेड पाह्यजे, अन् तुमचा पैसा पाह्यजे. हो तं हो, नाई तं नाई. पन आज सांगा."

बोलून झाल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. असं कुणाशी तो जन्मात बोलला नव्हता. शेठनं मुनिमाला कराराचा कागद आणायला सांगितलं आणि पाठीमागचा लोड तेजरामकडे सरकवला.

"नीट बसा," तो म्हणाला. "आपली पहिली भेट आत्ता कुठं झाली."