समोरचा फ्लॅट

या, मायबापहो, सतरंजीवर पुढे सरका. टाळ घटकाभर खाली ठेवा. आज एक खरीखुरी वाटावी अशी गोष्ट सांगते. ऐकताना कुणाला आपलंच काही आठवलं, तर ती गोष्ट त्याचीही आहे, असं समजा.

खडकीला दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये शालन आणि जैबून बावीस वर्षं शेजारी राहिल्या. मधे एकच भिंत. शालनकडे दर एकादशीला भजन असे. त्या दिवशी जैबूनच्या चुलीवर मटण चढत नसे. रमजानात शालन भर दुपारी खिडकी लावूनच फोडणी देई. दोघींनाही हे कुणी सांगितलं नव्हतं. पलीकडचे डिसूझा नाताळात दोन्ही घरी केक पाठवत आणि दोन्ही घरच्या करंज्या खात.

दोन हजार पाचच्या सुमारास शालनचे यजमान सीताराम निवृत्त झाले. वारज्यात फ्लॅट घेतला, सोसायटीचे सेक्रेटरीही झाले. वर्षभराने समोरच्या फ्लॅटचे मालक बंगळूरला निघाले आणि जैबूनचा फोन आला.

"ताई, आमचीही क्वार्टर सुटणार. निलोफर हिंजवडीला आयटीत लागली ना, तिला लोन मिळालं. तुमच्या समोरचाच घ्यायचा म्हणते. परत शेजार!"

"अरे वा," शालन म्हणाली. फोन ठेवला आणि ते 'वा' तिचं तिलाच खोटं वाटलं. जैबूनची लेक निलोफर आणि शालनचा अभिनव एका वर्गातले. शालनच्याच ओट्यापाशी बसून दोघांनी पाढे पाठ केलेले. अभिनव पाच मुलाखतींत नापास होऊन फोनवर क्रेडिट कार्डं विकत होता. आता रोज सकाळी कंपनीची बस त्या मुलीला न्यायला येणार, आणि आपला मुलगा स्कूटरला किका मारत बसणार!

"बरं झालं," सीताराम म्हणाले, "भजनाला माणूस वाढलं."

"हो ना. आणि लेकीच्या पगाराचं कीर्तन रोज फुकट."

रविवारी सोसायटीची मीटिंग भरली. चेअरमन उत्तरेश्वरराव घसा खाकरून म्हणाले, "बिल्डिंगीत आपलेच लोक असावेत, असं बऱ्याच जणांचं मत आहे. लिहायचं काही नाही. फक्त एनओसी द्यायची नाही."

"अहो, पाणी येतं तासभर, लिफ्ट बंद," सीताराम म्हणाले, "आणि आपण लोकांचा देव तपासणार?"

लोक हसले. चेअरमन शालनकडे वळले. "वहिनी, बावीस वर्षं तुम्ही शेजार केलात. तुम्ही चांगलं म्हणालात तर आमची ना नाही."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. शालनने पदर सारखा केला.

"माणसं चांगली आहेत हो. पण वास यायचा. एकादशीलासुद्धा."

सीताराम चमकले. पण बायकोला चारचौघांत खोटं पाडणं त्यांना जमलं नाही.

महिन्याभराने जैबून पेढे घेऊन आली. "कोंढव्यात घेतलं, ताई. निलोफरचे जायला-यायला चार तास मोडतात. समोरचं नाही मिळालं. मीटिंगमध्ये कुणी तरी वासाचं बोललं म्हणे. मी निलोफरला म्हटलं, शालनताई नसणार तिथं. असत्या तर भांडल्या असत्या."

शालनच्या हातातला पेढा तसाच राहिला.

"भाभी, मी होते. मीच बोलले ते."

"तुम्ही?"

"एकादशीलासुद्धा वास यायचा, म्हणाले."

जैबूनने पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "का, ताई?"

"जळले. तुमची पुढे गेली, माझा मागे राहिला."

जैबूनने चपला पायात सरकवल्या. "पेढे अभिनवला द्या," एवढंच म्हणाली आणि जिना उतरली.

पुढच्या मीटिंगला शालन सगळ्यांच्या आधी उभी राहिली. "मागच्या वेळी मी खोटं बोलले. माझ्या नावानिशी लिहा. आणि यापुढे एनओसी देताना कुणाचा धर्म विचारायचा नाही, हेही लिहा. नसेल लिहायचं तर आमचाही फ्लॅट विकायला काढते."

"आता काय उपयोग, वहिनी? फ्लॅट तर गेला."

"माझी भाभी गेली. उद्या कुणाची तरी येईल."

सीतारामांनी मान खाली घालून लिहिलं. हात वर करणारे सात निघाले, खाली ठेवणारे सहा. ठराव झाला. जैबूनचा फोन मात्र अजून आलेला नाही.

मायबापहो, मत्सराला शस्त्र लागत नाही, एक वाक्य पुरतं. उद्या तुम्हालाही कुणी विचारील, "तुम्ही ओळखता ना त्यांना?" तेव्हा तोंड उघडण्याआधी एक करा. कोंढव्यातल्या जैबूनभाभीची आठवण ठेवा.