आई ‘झालं’ म्हणेपर्यंत

आई दोरा आणायला गेली आणि बराच वेळ झाला तरी परतली नाही, तेव्हा मी दुकान बायकोच्या हवाली करून धावलो. दोऱ्याचं दुकान आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. पण हल्ली आईला हरवायला तेवढं अंतरही पुरायचं. मी चष्मे करणारा माणूस. नंबर बदलला की काच बदलायची, एवढंच मला कळतं. आईच्या डोक्यात जे बदलत चाललं होतं त्यावर डॉक्टरांनीही हात टेकले होते.

ती सापडली ती बसच्या जुन्या गॅरेजात. जन्म गेला माझा या भागात, पण तिथे गंजलेल्या पत्र्यांखेरीज काही असेल असं कधी वाटलं नव्हतं. आत पाहतो तर एक जण जुन्या दारावर चित्र काढतोय, दोघी विणकामाचा माग लावतायत, एक म्हातारा बासरीशी भांडतोय. भिंतीवर लिहिलेलं : ‘इथल्या कलाकारांची जागा. आत या.’ आणि आमच्या मातोश्री कोपरापर्यंत मातीत!

“आई! कुठे कुठे शोधलं तुला!”

“सापडले ना? मग बाजूला हो. उजेड अडतोय.”

जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी डोकंही फिरलं. पण मग तिच्या हातांकडे लक्ष गेलं. घरी चहाचा कप धरताना थरथरणारे हात इथे मुळीच थरथरत नव्हते.

ही जागा सांभाळणाऱ्या बाईंना सगळे भट्टीताई म्हणत, कारण मातीकाम भाजायची भट्टी त्यांच्या ताब्यात. त्यांनी मला तिथला एकमेव नियम सांगितला. “ज्याचं काम त्यानेच ‘झालं’ म्हणायचं. तोवर दुसऱ्याने हात लावायचा नाही. मागे एकाचं अर्धवट काम आम्ही प्रेमाने भाजून ठेवलं. तो बिचारा बघून गेला तो पुन्हा फिरकला नाही.”

मी मान डोलावली. नियम दुसऱ्यासाठी असतो तोवर चांगलाच वाटतो.

मग मी दर सुट्टीला आईला तिथे नेऊ लागलो. ती एक डोकं घडवत होती. आधी मला तो नुसता गोळा वाटला. विचारलं की म्हणायची, “थांब, अजून यायचेत ते.” आणि एका सकाळी तिने मातीवरचं ओलं फडकं उचललं, आणि समोर बाबा!

बाबा घड्याळजी होते. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून डावा डोळा बारीक झालेला. तो तसाच होता. खालचा ओठ जरा आत ओढलेला, एखादा स्क्रू सापडत नसला की ओढायचे तसा. घरात त्यांचा फोटो आहे, पण त्यात ते कोणाच्या तरी लग्नाला जबरदस्तीने आणल्यासारखे दिसतात. हे मात्र बाबा होते. मी तिथेच रडलो. बासरीवाला म्हातारा वाजवायचा थांबला.

“आई, झालं! आता हात लावू नकोस.”

“झालं कुठे? गाल बघ की.”

मी तडक भट्टीताईंना गाठलं. म्हटलं, आजच वाळत टाका, भाजा, हवं तर तिला दुसरी माती द्या. तिचं डोकं रोज थोडं थोडं रिकामं होतंय, आज जे हातात आहे ते उद्या नसेल.

“कळतंय मला,” त्या म्हणाल्या. “पण त्यांनी येऊन ‘माझं काम कुठंय’ विचारलं तर मी काय सांगू? घरी तुम्ही त्यांच्यासाठी सगळं ठरवता. जेवण, गोळ्या, झोप. एवढं एक त्यांचं राहू द्या.”

मला त्यांचा राग आला. खरं बोलतात म्हणून जास्तच आला.

पुढच्या सुट्टीला गाल भरले होते. त्याच्या पुढच्या वेळी नाक लहान झालं. मी फोटो नेऊन समोर ठेवला, तर तिने तो पालथा घातला. मग डावा डोळा उजव्याएवढा होऊ लागला, आणि मला धडकी भरली, कारण तो चेहरा मला ओळखीचा वाटायला लागला. लग्नाआधी आई बाहुल्यांच्या कारखान्यात होती. बाहुल्यांना चेहरे देण्याचं काम, सगळे सारखे, गोबरे, टपोऱ्या डोळ्यांचे. तशी एक बाहुली अजून आमच्या कपाटात आहे. बाबा तिच्या मनातून जसजसे निसटत होते तसतशी तिची बोटं आपल्या जुन्या कामाला लागत होती. आणि मी स्टुलावर बसून ते बघत होतो. तिचा हात धरावा असं कितीदा वाटलं! पण धरून काय केलं असतं? हात थांबला असता, विसरणं थोडंच थांबणार होतं.

“असे नव्हते गं ते,” एकदा न राहवून म्हणालो.

“तू लहान होतास,” ती म्हणाली. बाबा गेले तेव्हा मी दोन पोरांचा बाप होतो.

शेवटी एके दिवशी तिने अंगठ्याने हनुवटी गुळगुळीत केली, हात धुतले आणि भट्टीताईंना हाक मारली. “झालं.”

समोर एक मोठी बाहुली होती. टक्कल पडलेली, हसरी. भट्टीताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

“कसे वाटतात?” आईने विचारलं.

“अगदी बाबा,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. कित्येक महिन्यांत तिची नजर इतकी स्वच्छ नव्हती.

“खोटं बोलतोस. मला कळतंय रे, हे ते नाहीत. रोज शोधते, रोज दुसराच कोणी येतो. दमले मी आता.” तिने पदराने डोळे पुसले. “पण उद्या मला हेच ते वाटणार. मी यांच्याशी बोलत बसेन. तेव्हा मात्र असंच ‘अगदी बाबा’ म्हण हं. तेव्हा खरं सांगू नकोस.”

“नाही सांगणार,” मी म्हणालो.