ताईच्या दंडातली आठ भोकांची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. जुनी म्हणजे वयानं नव्हे. माझ्या काही बहिणी माणसांच्या हाडांना धरून वीस-वीस वर्षं बसल्या आहेत. मी जेमतेम साडेपाच महिने काम केलं. आता माझे दोन तुकडे एका हाडांच्या डॉक्टरांच्या टेबलावर, काचेच्या डबीत पडून असतात. मी तळहाताहून थोडी लांब आणि बोटभर रुंद आहे. अंगावर ओळीनं आठ भोकं आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, खिडकीची बिजागरी निखळून इथं आली असावी. मी वाईट वाटून घेत नाही.

गंज न चढणाऱ्या पोलादाच्या कांबीतून मला कापलं. मग भोकं पाडली, कडा घासल्या आणि आरशासारखं लखलखीत केलं. पण आमच्या प्रत्येक खेपेतल्या काही पट्ट्या रुग्णालयात जातच नाहीत. त्या चाचणीच्या खोलीत जातात. तिथल्या बाईंना सगळे चाचणीबाई म्हणत. त्यांच्या यंत्रात खाली दोन रूळ आणि वर दोन रूळ होते. मधे माझी एक बहीण ठेवली आणि ती किती भाराला वाकते ते पाहिलं. दुसरीला अगदी थोडा भार दिला, पण तो पुन्हा पुन्हा, लाखो वेळा. पहिली वाकली, पण तुटली नाही. दुसरी मात्र एके दुपारी, काही विशेष न घडता, टक् करून तुटली.

शेजारच्या तबकातून मी हे सगळं पाहत होते. नव्यानंच कामाला लागलेल्या एका इंजिनिअरनं विचारलं, की पट्टी दुप्पट जाड केली तर ही कटकटच मिटेल ना? चाचणीबाई म्हणाल्या, "इतकी ताठ केली तर सगळा भार तीच पेलेल, आणि हाड बसून खाऊन कमजोर होईल. हाडाला थोडं काम उरायला हवं. आणि पट्टी काही जन्माची सोबतीण नाही. हाड सांधेपर्यंत तिनं टिकायचं, एवढंच."

माझ्या नशिबी आली ताई. वय अठ्ठेचाळीस, काम पुस्तकबांधणीचं. वाचनालयातली फाटकी पुस्तकं तिच्या घरी येत आणि नवा पुठ्ठा, नवी शिवण घेऊन परत जात. घरात ती आणि तिची आई, दोघीच. दोन वर्षांपूर्वी आईचं उजवं अंग लुळं पडलं होतं. बोलणंही दोन-चार शब्दांवर आलं होतं. पडदा काढायला ताई स्टुलावर चढली, स्टूल कलंडलं, आणि तिच्या उजव्या दंडाचं हाड मधोमध मोडलं.

डॉक्टरांनी फार निगुतीनं काम केलं. मनगट उचलणारी एक नाजूक नस दंडाच्या हाडाला वळसा घालून जाते. ती त्यांनी अलगद बाजूला धरली, हाडाचे दोन्ही भाग जुळवले आणि मला वर बसवलं. तीन स्क्रू वरच्या भागात, तीन खालच्या. मोडल्या जागेजवळची माझी मधली दोन भोकं रिकामीच राहिली. तिथं स्क्रूला धरायला धड हाड नव्हतं. दुसऱ्या दिवशी ताईनं मनगट उचलून दाखवलं, तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा हसले. निघताना त्यांनी तिला बजावलं, की भरलेल्या पेल्यापेक्षा जड काहीही या हातानं उचलायचं नाही.

ताईला एक धाकटा भाऊ होता. तो बस चालवायचा. रस्त्यापलीकडच्याच इमारतीत राहायचा. आईला उचलायचं काम मी करतो, असं तो ताई पडली त्याच दिवशी म्हणाला होता. पण वर्षभरापूर्वी आईला खुर्चीत बसवताना ती त्याच्या हातून निसटली होती आणि तिचा गुडघा सोलला होता. तेव्हापासून ताई त्याला आईजवळ फिरकू देत नसे. तू आईला गोणी उतरवल्यासारखं ठेवतोस, म्हणायची. मग तोही दर सुट्टीला फळं घेऊन यायचा आणि पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसून परत जायचा. ताईच्या शस्त्रक्रियेनंतर तीन आठवडे पगारी बाई ठेवली. त्या बाईंचा हातही ताईच्या पसंतीस उतरला नाही. चौथ्या आठवड्यात ताईनं हाताची झोळी काढून ठेवली आणि आईला स्वतः उचललं.

तो पहिला भार मला अजून आठवतो. मी वाकले आणि पुन्हा सरळ झाले. मला त्याचं काहीच वाटलं नाही. तेवढ्यासाठीच तर मी घडले होते. पण माझ्याखाली मोडल्या जागी नुकतं कुठे मऊ, ढगासारखं नवं हाड धरू लागलं होतं. ते हललं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, तिथून परत पलंगावर, दिवसातून आठ-दहा वेळा. रात्रभरात हाड जेवढं विणायचं तेवढं सकाळी उसवायचं. आणि जोवर हाड भार घेत नव्हतं, तोवर सगळा भार माझ्यावर होता.

तिसऱ्या महिन्याच्या एक्स-रेमध्ये मोडल्या जागेची काळी रेघ तशीच होती. डॉक्टरांनी विचारलं, की काही जड उचलता का? ताई नाही म्हणाली. ती खोटारडी नव्हती, मित्रांनो. आपण उचललं नाही तर आईचं कसं होणार, या एका धास्तीनं तिला घेरलं होतं.

चौथ्या महिन्यात माझ्या एका रिकाम्या भोकाच्या कडेला केसाएवढी चीर पडली. त्याच सुमारास ताईचा दंड ठणकू लागला. उचलताना ती ओठ दाबून धरायची. आईला धड बोलता येत नव्हतं, पण दिसत होतं. आईनं पाणी पिणं कमी केलं. पाणी कमी, म्हणजे न्हाणीघराच्या फेऱ्या कमी. ताईनं पेला पुढे केला, की ती मान फिरवायची. एक दुसरीसाठी हाड झिजवत होती आणि दुसरी पहिलीसाठी तहान सोसत होती, आणि दोघी एकमेकींना काही सांगत नव्हत्या.

एका सकाळी आईला खुर्चीतून उठवताना मी तुटले. आवाज फार मोठा नव्हता. ताईचा हात दंडातून लोंबकळला. पण तिनं आईला पडू दिलं नाही. डाव्या हातानं तिला छातीशी धरून, भिंतीला पाठ घासत ती हळूहळू खाली बसली. दोघी फरशीवर. फोन टेबलावर होता. आईनं आपल्या चांगल्या हातानं टेबलावरचं कापड ओढलं, कापडासकट फोन खाली आला, आणि ताईनं धाकट्याला बोलावलं. तो बसचा गणवेश अर्धवट चढवूनच आला.

दुसऱ्या शस्त्रक्रियेत मला बाहेर काढलं. कमरेच्या हाडातला थोडा कीस मोडल्या जागी भरला आणि माझ्याहून लांब पट्टी बसवली. डॉक्टरांना शंका होती, की माझ्यातच खोट असावी. म्हणून त्यांनी मला चाचणीबाईंकडे पाठवलं. त्यांनी माझी तुटकी कड भिंगाखाली बराच वेळ पाहिली. ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा बारीक रेघा तिथं होत्या. पोलाद निर्दोष आहे, असं त्यांनी कळवलं. ही एका धक्क्यानं तुटलेली नाही, महिनोन्‌महिने रोज वाकून तुटलेली आहे.

डॉक्टर तो कागद घेऊन ताईच्या खाटेपाशी आले. माझे तुकडे त्यांच्या खिशात होते. धाकटा तिथंच बसला होता. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "रोज काय उचलत होता?"

ताई बराच वेळ पांघरुणाची कड नीट करत राहिली. मग म्हणाली, "आईला."

धाकट्यानं मान खाली घातली. "मी समोरच होतो, ताई."

"तुला जमत नाही रे."

"मग शिकव की. बस चालवायला तरी मी आईच्या पोटातून शिकून आलो होतो का?"

ताईला हसू आलं आणि लगेच रडूही. दुसऱ्या दिवसापासून तिनं खाटेवर पडल्यापडल्या शिकवणी सुरू केली. एका परिचारिकेनं खुर्चीत बसून आई व्हायचं कबूल केलं. पाय कुठे रोवायचे, गुडघे किती वाकवायचे, हात खांद्यांच्या पात्याखाली कसे घालायचे, उचलण्याआधी तीन आकडे का मोजायचे. दोनदा त्या बिचारीची टोपी पडली. चौथ्या दिवशी ती म्हणाली, की आता मला कळलंसुद्धा नाही कधी उठवलं ते.

सहा महिन्यांनी ताई शेवटची तपासणी करून घ्यायला आली, तेव्हा मी टेबलावरच्या डबीत होते. एक्स-रेमधली काळी रेघ भरून आली होती. ती सांगत होती, की धाकटा सकाळी बसवर जायच्या आधी आणि परत आल्यावर येतो, दुपारी त्याची बायको येते. ताई फक्त डावा हात लावते. तिघं मिळून उचलतात. सुरुवातीचा एक आठवडा आईनं कुणालाच जुमानलं नाही. मग एका दुपारी तिनं आपणहून पाणी मागितलं आणि अख्खा तांब्या संपवला.  तुकडे घरी न्यायचे का, असं डॉक्टरांनी विचारलं. राहू देत इथंच, कुणाच्या तरी कामी येतील, म्हणाली.

म्हणून मी इथं आहे, मित्रांनो. हाडाला वेळ दिला तर ते पुन्हा जुळतं. पोलादाला ते जमत नाही. त्याला पडलेली चीर वाढतच जाते. मला वापरा, पण माझ्यावर विसंबून हाडाला विसरू नका. डॉक्टरांनी कारण विचारलं, तर खरं सांगा. आणि तुमच्या घरात कुणी एकच माणूस सगळं उचलत असेल, तर त्याला "मदत करू का?" असं विचारत बसू नका. तो नाहीच म्हणेल. त्याच्याजवळ जा, बाह्या वर करा आणि विचारा, "हात नेमका कुठे धरायचा, ते दाखव."